रॉबर्ट ट्रेसेल यांच्या कादंबरीचा खरा शेवट कोणता?

प्रश्न:
‘द रॅग्ड ट्राउझर्ड फिलांथ्रॉपिस्ट्स’ ही कादंबरी मी रद्दीवाल्याकडे मिळालेल्या जुन्या प्रतीतून वाचली. तिच्या अखेरीस आजाराने खंगलेला रंगारी फ्रँक ओवेन बायकोमुलासह आयुष्य संपवण्याच्या विचारापाशी येतो आणि पुस्तक तिथेच थांबते. मैत्रिणीच्या प्रतीत मात्र कथा पुढे जाऊन चक्क आशेवर संपते. यांपैकी लेखकाचा शेवट कोणता?

प्रतिसाद १:
मैत्रिणीच्या प्रतीतला. ट्रेसेल म्हणजे डब्लिनमध्ये जन्मलेले रॉबर्ट नूनन. ते हेस्टिंग्जला घरे आणि पाट्या रंगवीत आणि रंगाऱ्याच्या घोडीला (फळ्या टेकवायच्या लाकडी तिवईला) इंग्रजीत ‘ट्रेसल’ म्हणतात, त्यावरूनच त्यांनी हे टोपणनाव घेतले. सुमारे सोळाशे पानांचे त्यांचे हस्तलिखित प्रकाशकांकडून परत आले आणि १९११ च्या फेब्रुवारीत लिव्हरपूलला क्षयाने ते वारले, तेव्हा त्यांना गरिबांच्या सामाईक थडग्यात पुरण्यात आले. मुलगी कॅथलीन हिने जपलेले ते बाड १९१४ साली प्रकाशक ग्रँट रिचर्ड्स यांनी छापले खरे, पण त्याआधी लेखिका जेसी पोप यांनी त्यावर अशी कात्री चालवली, की समाजवादाची बरीचशी चर्चा गळाली आणि ओवेनच्या मनात आधी येऊन गेलेला तो काळा विचारच शेवट ठरला. १९१८ ची आवृत्ती तर आणखी तोकडी आहे. ट्रेसेल यांचे चरित्रकार फ्रेड बॉल यांच्या चिकाटीमुळे संपूर्ण संहिता १९५५ मध्ये वाचकांच्या हाती आली.

प्रतिसाद २:
या कात्रीने एका माणसाची शोकांतिका उरली, ही माझी खरी तक्रार आहे. कारण ट्रेसेल यांचा राग जितका मालकांवर, तितकाच आपले श्रम त्यांना दान करणाऱ्या फाटक्या कपड्यांतल्या ‘दानशूरां’वर आहे. जेवणाच्या सुट्टीत ओवेन उरलेला पाव, सोबत्यांचे तीन चाकू आणि तीन नाणी घेऊन मालकाचे सोंग घेतो, तो प्रसंग पुन्हा वाचावा. तिघांनी पावाचे प्रत्येकी तीन तुकडे पाडायचे, मजुरी एक नाणे, आणि पोटासाठी लागणारा एक तुकडा त्याच नाण्याला मालकाकडूनच विकत घ्यायचा! असे काही फेरे झाल्यावर, कोठार भरले म्हणून ओवेन चाकू काढून घेतो. तिघे रिकाम्या हातांनी बसतात आणि भोवतालचे रंगारी हसतात.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. माझ्या प्रतीवर ग्रँट रिचर्ड्स यांचेच नाव आहे. आता १९५५ ची संहिता मिळवून पुन्हा पहिल्या पानापासून वाचतो.