दशमांश ठोक पगारावर की हातात येणाऱ्या? आणि वेळेचं काय?

प्रश्न:
आम्ही दोघंही नोकरदार, दोघंही ख्रिस्ती विश्वासी. मंडळीला (चर्चला) दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, द्यायचा हे ठरलेलंच आहे; भांडण आहे ते तो कोणत्या रकमेवर काढायचा यावरून. नवरा म्हणतो, कर कापायच्या आधीच्या पगारावर. मी म्हणते, जे हातात आलंच नाही त्यातलं देऊ कुठून? घराचा हप्ता आहे, सासूबाईंची औषधं आहेत. त्यात वेळ! रविवारी उपासना, संडे स्कूल, मधल्या वारी प्रार्थनासभा, गायनाचा सराव, आणि आता मंडळीच्या कमिटीसाठी माझं नाव सुचवलंय. नाही म्हटलं की चेहरे पडतात. तुम्ही कसं ठरवता?

उत्तर १:
मी मंडळीचा खजिनदार होतो, म्हणून हिशेबाचं बोलतो. शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, दशमांशात धान्य आहे, तेल आहे, गुरं आहेत, पगारपत्रक नाही. शिवाय तो सगळीकडे एकसारखाही नाही. गणना 18 मध्ये तो लेव्यांना, म्हणजे उपासनास्थानाची सेवा करणाऱ्या वंशाला, जातो. अनुवादाच्या पुस्तकात, अध्याय 14 मध्ये, तो घरच्यांनी देवासमोर बसून खायचा, आणि दर तिसऱ्या वर्षी गावातल्या लेवी, परके, अनाथ, विधवा यांच्यासाठी ठेवायचा. पौल तर आकडाच सांगत नाही. मनात ठरवाल तसं द्या, भाग पडतं म्हणून नको (2 करिंथ 9:7). मंडळीला एकदाच मोठी रक्कम येण्यापेक्षा दरमहा ठरलेली रक्कम बरी पडते, कारण पाळकांचा पगार आणि वीजबिल दरमहाच असतं. आणि वार्षिक हिशेब मागा. मागितल्यावर तोंडं वाकडी झाली, तर तेही उत्तरच.

उत्तर २:
‘सगळा दशमांश भांडारात आणा’ हे मलाखी 3:10 कुणालाच आठवत नाही? आम्ही ठोक पगारावर आधी काढून ठेवतो, उरलेल्यात घर चालवतो. चालतं.

प्रश्नकर्ती:
तुमचं चालत असेल. देवाला वाहिलं म्हणून आईबापांचं तोडणाऱ्यांना येशूने काय सुनावलं ते मार्क 7 मध्ये आहे. सासूबाईंच्या औषधांचे पैसे मी बाजूलाच ठेवणार.

उत्तर ३:
वेळेबद्दल कुणी बोलेना, म्हणून मी. निर्गम 36 वाचा. निवासमंडपासाठी, म्हणजे उपासनेच्या तंबूसाठी, लोक रोज सकाळी इतकं आणायला लागले की कारागीरच मोशेकडे गेले, आणि त्याने छावणीत सांगायला लावलं, आता आणू नका. पुरे म्हणणारं नेतृत्व! (आमच्याकडे अजून ऐकलेलं नाही.) प्रेषितांची कृत्ये 6 मध्ये प्रेषितांनीही जेवण वाढण्याचं काम सात जणांवर सोपवलं. एक काम धरा. कमिटी हवी तर संडे स्कूल सोडा. पण सोडायची तारीख आधी सांगा, मुलांना मधेच टांगू नका. आणि वेळ देते म्हणून पैसे कमी, किंवा पैसे देते म्हणून वेळ नाही, असा वटाव करू नका. दोन्ही खाती वेगळी.

प्रश्नकर्ती:
कमिटीला ‘नाही’ असं कळवलं. संडे स्कूल ठेवते, पोरं गोड आहेत. सराव एक आड एक आठवड्याला. दशमांश हातात येणाऱ्यावर, दरमहा, नवराही कबूल. बोनसवरून मात्र अजून जुंपलेली आहे.