काझानला बर्फाच्या पाण्यात डुबकी: भाच्याला हो म्हणू का?

धरमपेठचा मामा: भाचा रशियातल्या काझानला एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. 19 जानेवारीला तिथे बर्फ कापून लोक पाण्यात उतरतात, तोही जातो म्हणतो. काल ताईचा रडत फोन आला. कोणी स्वतः उतरलं आहे का?

मनीषनगरकर: मी तिकडेच शिकलो, दोनदा उतरलो. येशूच्या बाप्तिस्म्याचा सण आहे तो. 18 च्या रात्रीपासूनच रांग लागते. बर्फात बहुतेक ठिकाणी क्रुसाच्या आकाराचा खड्डा कापतात, लाकडी पायऱ्या लावतात. तीन डुबक्या मारायच्या अन् बाहेर.

पहिल्या वेळी हवा उणे 18 होती. पाणी छातीला लागलं अन् श्वास आपोआप आत ओढला गेला, सोडताच येईना. खरा धोका इथेच आहे दादा. त्या क्षणी डोकं पाण्याखाली असलं तर पाणी फुफ्फुसात जातं. म्हणून उडी अजिबात नाही. कठडा धरून उतरायचं, हळूहळू श्वास सोडत राहायचं. धाप आवरली नाही तर डुबकी न मारता वर यायचं, त्यात कमीपणा नाही.

बाहेर आल्यावर मला अंग तापल्यासारखं वाटलं, म्हणून फोटो काढत थांबलो. थोड्या वेळाने दात वाजायला लागले, बटणं रूममेटने लावून दिली. वर आल्यावरही आतलं तापमान काही वेळ उतरतच राहतं. लगेच अंग कोरडं करून कपडे, टोपी, मग गरम चहा. वोडका कोणी दिली तरी घेऊ नये, तिने कातडीला ऊब वाटते पण आतली उष्णता निघून जाते.

महालातली काकू: माझी आई कार्तिकभर पहाटे विहिरीवर आंघोळ करायची, पण त्या भरवशावर पोराला पाठवू नका. हिवाळ्यात विहिरीचं पाणी कोमट असते. 29 डिसेंबर 2018 ला नागपूर 3.5 अंशांवर आलं, तेव्हाही आमच्या विहिरीतून वाफ निघत होती. बर्फाखालचं पाणी वेगळं. घरात कोणाला हृदयाचं काही आहे का, ते आधी विचारा.

धरमपेठचा मामा: काकू, भाच्याचे आजोबा चाळिशीतच हृदयविकाराने गेले. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आत्ताच त्याला फोन केला: आधी तिथल्या डॉक्टरला दाखव, ईसीजी काढ. तोवर काठावर उभा राहून बघ. तो कबूल झाला.