टीएसएच वाढलेला, तरी डॉक्टर 'हायपो' म्हणतात. हायपर नको का?

नमस्कार मंडळी, जरा मदत हवी आहे.

आईचा थायरॉइडचा रिपोर्ट आला. टीएसएच ११.२, शेजारी छापलेली मर्यादा ०.४ ते ४. म्हणजे चांगलाच वाढलेला. डॉक्टरांनी मात्र फाइलवर हायपोथायरॉइड लिहून थायरॉक्सिनची गोळी सुरू केली. हायपर म्हणजे जास्त, हायपो म्हणजे कमी ना? वाढलेल्या बीपीला हायपरटेन्शनच म्हणतात. मग इथे उलटं कसं? त्यात फोनवर सांगताना शब्दाचा शेवट नीट ऐकू येत नाही. मावशी तर तिच्या हायपरवाल्या शेजारणीचं पथ्य आईला सांगायला लागली. काळजी वाटते म्हणून विचारतेय.

प्रतिसाद १
डॉक्टरांचं बरोबर आहे, ताई. घोळ असा होतो की टीएसएच हे थायरॉइडचं हार्मोनच नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं आणि गळ्यातल्या थायरॉइडला कामाला लावतं. थायरॉइड मंदावली की पिट्युटरी तगादा वाढवते, म्हणून टीएसएच चढतो. हायपो हे नाव थायरॉइडच्या कामावरून पडलंय, टीएसएचच्या आकड्यावरून नाही. रिपोर्टमध्ये फ्री टी४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) बघा, तो बहुतेक कमी असेल. आईंना थकवा, थंडी सोसवत नाही, बद्धकोष्ठ, वजन वाढणं असं काही आहे का? हायपरमध्ये सहसा याच्या उलट: धडधड, हात थरथरणं, घाम, खाऊनही वजन उतरणं.

प्रतिसाद २
शेजारणीचं पथ्य राहू द्या, आणि गोळ्यांची अदलाबदल तर अजिबात नको. हायपरला देतात ती कार्बिमॅझोल हार्मोन कमी करते, आईंची गोळी ते भरून काढते. घरात बोलताना हे दोन्ही शब्द वापरूच नका. 'थायरॉइड कमी पडतोय' म्हणा, फोनवरही कळतं.

धागाकर्ती
फ्री टी४ ०.६ आहे, खालची मर्यादा ०.८. आईला पंखासुद्धा नको असतो हल्ली! आता उलगडलं. मनापासून आभार. ती सकाळी चहाबरोबरच गोळी घेते आणि लगेच कॅल्शियमची. चालेल का?

प्रतिसाद २
नको. उठल्यावर उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या-एक तासाने. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तासांनी, नाहीतर थायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही. टीएसएच पुन्हा साधारण सहा ते आठ आठवड्यांनी तपासतात, तारीख डॉक्टरांना विचारून घ्या.