व्यवसायाचे पेज नक्की कोणाचे, आणि त्यावरच्या मजकुराची जबाबदारी कोणाची?

प्रश्न – रंधा_पटाशी

नमस्कार. आमचा लाकडी खेळणी बनवण्याचा लहान व्यवसाय असून आम्ही एकूण सहा जण काम करतो. गेल्या चार वर्षांत फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरील पेजमुळे विक्री इतकी वाढली, की आता दहापैकी सात मागण्या तिथूनच येतात. सुरुवातीला मला यातले काहीच कळत नसल्यामुळे आमच्या एका सहकारी मुलीने स्वतःच्या वैयक्तिक खात्यावरून ही दोन्ही पेजेस सुरू केली आणि आजवर तिनेच ती उत्तम सांभाळली. पुढील महिन्यात ती दुसरीकडे नोकरीला जात आहे. आमच्यात कसलाही वाद नाही, परंतु पासवर्ड, पेजशी जोडलेला फोन क्रमांक, जाहिरातींचे खाते यांपैकी काहीही माझ्या नावावर नाही, हे मला मागच्या आठवड्यात पहिल्यांदा उमगले आणि झोप उडाली.

त्यानंतर मी बाकीच्या गोष्टींकडेही जरा डोळसपणे पाहू लागले. पालक आपल्या मुलांचे आमच्या खेळण्यांशी खेळतानाचे फोटो पाठवतात आणि ते आम्ही पेजवर टाकतो. त्यासाठी आजवर कोणाचीही लेखी परवानगी घेतलेली नाही. एका पोस्टखाली दोन ग्राहकांनी आमच्याच एका स्पर्धकाविषयी अत्यंत वाईट लिहिले आहे आणि ते तसेच राहिले आहे. शिवाय एका जाहिरात संस्थेने ठरावीक रकमेत पन्नास चांगले अभिप्राय आणि काही हजार फॉलोअर मिळवून देण्याचा प्रस्ताव पाठवला आहे. यांपैकी खरोखर धोकादायक काय आहे आणि मी उगाच कशाची धास्ती घेतली आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद – कुलूपकिल्ली

ताई, आपली झोप उडाली हे योग्यच झाले, कारण आपण सांगितलेल्या गोष्टींपैकी पहिली सर्वांत निकडीची आहे. मी लहान व्यवसायांची संगणकीय व्यवस्था सांभाळतो आणि माझ्याकडे येणाऱ्या अडचणींपैकी निम्म्याहून अधिक अडचणींत चोर कोठूनही आलेला नसतो. किल्ली ज्याच्याकडे होती तो निघून गेलेला असतो, एवढेच.

2013 च्या जानेवारीत ब्रिटनमधील एचएमव्ही या संगीतविक्री कंपनीत कर्मचाऱ्यांना कामावरून कमी केले जात असताना तिच्या अधिकृत ट्विटर खात्यावरून त्या बैठकीचे धावते वर्णन प्रसिद्ध होऊ लागले. ट्विटर बंद कसे करायचे, असे विपणन संचालक विचारत आहेत, हेही त्याच खात्यावरून जगाला कळले. आपल्याकडे वाद नाही हे ठाऊक आहे, पण व्यवस्था ही नेहमी वाद होईल असे गृहीत धरूनच करावी लागते. अमेरिकेत मोबाइल फोनची परीक्षणे करणाऱ्या एका कंपनीचा कर्मचारी सुमारे 17,000 फॉलोअर असलेले ट्विटर खाते नाव बदलून स्वतःबरोबर घेऊन गेला, तेव्हा ते खाते कंपनीचे की त्याचे, यावर 2011 मध्ये दावा दाखल झाला. अखेर तडजोड झाली आणि मूळ प्रश्नाचे उत्तर काही मिळाले नाही. नोकरी सुरू होतानाच एका कागदावर दोन ओळी लिहून घेतल्या असत्या, तर ती वेळच आली नसती.

आपण पेज मेटाच्या (फेसबुक व इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीच्या) ‘बिझनेस पोर्टफोलिओ’मध्ये, म्हणजे व्यवसायाची पेजेस आणि त्यांवरील अधिकार एकत्र सांभाळण्याच्या सोयीत, आणावे, त्यात स्वतःला आणि आणखी एका विश्वासू व्यक्तीला पूर्ण नियंत्रण द्यावे आणि रोज पोस्ट टाकणाऱ्यांना केवळ तेवढ्यापुरते अधिकार ठेवावेत. एकच पासवर्ड चार जणांत फिरवण्याची पद्धत सोयीची वाटते, परंतु त्यामुळे कोणी काय केले हे कधीच शोधता येत नाही. इन्स्टाग्रामच्या खात्याशी जोडलेला ईमेल हा व्यवसायाचा असावा, व्यक्तीचा नसावा.

द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे पासवर्डखेरीज आणखी एक कोड मागण्याची सोय, सुरू करताना ती एसएमएसवर न ठेवता ऑथेंटिकेटर अ‍ॅपवर, म्हणजे फोनवरच असे कोड तयार करणाऱ्या अ‍ॅपवर, ठेवावी. यामागे कारण आहे. 9 जानेवारी 2024 रोजी अमेरिकेच्या शेअर बाजार नियामक संस्थेचे, म्हणजे एसईसीचे, एक्सवरील (पूर्वीच्या ट्विटरवरील) खाते परक्या हातात गेले आणि त्यावरून बिटकॉइनच्या फंडांना मंजुरी मिळाल्याची खोटी घोषणा झाली. हल्लेखोरांनी खात्याशी जोडलेल्या फोन क्रमांकाचे सिम स्वतःकडे वळवून घेतले होते, म्हणजे त्यावरचे एसएमएस त्यांनाच मिळत होते, आणि लॉगिन करताना अडचण येते म्हणून संस्थेने दुसऱ्या स्तराची पडताळणी काही महिन्यांपूर्वी बंद करून ठेवली होती. इतरांना शिस्त लावणाऱ्या संस्थेच्या बाबतीत हे घडू शकते, तर आपण सहा जण कोण?

‘आपल्या पेजने कॉपीराइटचा भंग केला आहे, चोवीस तासांत अपील न केल्यास पेज बंद होईल’ असा संदेश येईल, आणि तो येतोच, तेव्हा त्यातील दुव्यावर कोणीही बोट ठेवू नये, असेही सर्व सहकाऱ्यांना बजावून ठेवावे. पासवर्ड चोरण्याचा हा सध्याचा अगदी रुळलेला मार्ग आहे.

प्रतिसाद – तळटीप

मी वकील नाही. प्रकाशन व्यवसायात हक्क आणि परवानग्यांचे काम करताना जे वाचावे लागले, त्याच्या आधारे लिहितो आहे. देशोदेशी कायदे वेगळे आहेत, त्यामुळे प्रत्यक्ष पाऊल उचलण्याआधी आपल्या इथल्या वकिलाला विचारणे इष्ट.

स्पर्धकाविषयीच्या टिप्पण्यांपासून सुरुवात करतो, कारण ‘लिहिले दुसऱ्याने, मला काय त्याचे’ हा समज सर्वत्र आढळतो. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने, आणि हे त्या देशाचे सर्वोच्च न्यायालय आहे, 8 सप्टेंबर 2021 रोजी असा निर्णय दिला, की वृत्तसंस्थांनी फेसबुकवर पेज उघडून लोकांना प्रतिक्रिया देण्यास वाव दिला असल्यामुळे त्या प्रतिक्रियांच्या प्रकाशक त्याच ठरतात, मग एखादी विशिष्ट टिप्पणी त्यांनी पाहिलेली असो वा नसो. त्यावर बराच गदारोळ झाला आणि तिथल्या काही राज्यांनी नंतर कायद्यात बदलही केले. आपल्याला ती टिप्पणी दिसली आहे, ती बदनामीकारक वाटते आहे आणि तरीही ती राहू दिली आहे. ही स्थिती कोणत्याही देशात फारशी सुरक्षित म्हणता येणार नाही. आधी स्क्रीनशॉट जपून ठेवावा आणि टिप्पणी आजच काढावी.

आता फोटो. समाजमाध्यमावर दिसले म्हणजे सर्वांच्या मालकीचे झाले, असे नव्हे. 2010 च्या हैती भूकंपानंतर डॅनिएल मोरेल या छायाचित्रकाराने आपली छायाचित्रे ट्विटरवर टाकली आणि ती एएफपी या वृत्तसंस्थेने परवानगीविना वितरित केली. ट्विटरच्या अटींमुळे आपल्याला वापराचा परवाना आपोआप मिळाला, हा संस्थेचा युक्तिवाद न्यायाधीशांनी फेटाळला आणि 2013 च्या नोव्हेंबरमध्ये ज्यूरीने एएफपी व छायाचित्रे पुरवणारी गेटी इमेजेस ही कंपनी यांनी मिळून 12 लाख डॉलर द्यावेत असा निकाल दिला. आपल्या बाबतीत फोटो पालक स्वतः पाठवतात, हे खरे. परंतु खेळण्यांच्या दुकानाला कौतुकाने फोटो पाठवणे आणि त्याचा जाहिरातीत वापर करण्यास संमती देणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातून तो फोटो लहान मुलाचा. तो एखाद्या व्यावसायिक छायाचित्रकाराने काढलेला असेल, तर हक्क पालकांकडेही नसण्याची शक्यता असते.

आणखी एक मुद्दा, जो आपण विचारलेला नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयाने 5 जून 2018 रोजी ठरवले, की फेसबुकवर पेज चालवणारी संस्था ही पेजला भेट देणाऱ्यांच्या वैयक्तिक माहितीच्या बाबतीत फेसबुकच्या जोडीने जबाबदार असते. माहिती प्रत्यक्ष गोळा करणारी कंपनी दुसरीच असली, तरी तिचा लाभ आपण घेतो, तेव्हा हात झटकता येत नाहीत. मेसेजमध्ये ग्राहकांनी दिलेले पत्ते आणि फोन क्रमांक आपल्याकडे कोठे साठतात, कोणाच्या फोनवर राहतात, याचा विचार केला आहे का? सोडून जाणाऱ्या सहकारी मुलीच्या फोनवर ते आजही असतील.

पन्नास अभिप्रायांच्या प्रस्तावाला सरळ नकार द्यावा. ग्राहकाची फसवणूक, हे त्याचे साधे नाव आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने खोटे अभिप्राय विकत घेणे आणि व्यवसायाचे वजन वाढवून दाखवण्यासाठी बनावट फॉलोअर विकत घेणे, या दोहोंना मनाई करणारा नियम केला असून तो 21 ऑक्टोबर 2024 पासून लागू आहे. मोबदला किंवा मोफत खेळणे देऊन एखाद्या इन्फ्लुएन्सरकडून खरे मत लिहून घेणे हे मात्र निषिद्ध नाही. तो मोबदला वाचकाला चटकन दिसेल अशा ठिकाणी जाहीर केलेला असावा, एवढेच.

प्रतिसाद – गल्ल्यावरचा

तळटीप यांचे लेखन नेहमीप्रमाणे अभ्यासपूर्ण आहे, परंतु ते वाचून एखादा दुकानदार पेजच बंद करील अशी मला भीती वाटते. ऑस्ट्रेलियातील तो खटला मोठ्या वृत्तसंस्थांविरुद्ध होता. सहा माणसांच्या व्यवसायाला न्यायालयापेक्षा ग्राहकाचा रोष लवकर भोवतो.

‘टिप्पणी आजच काढावी’ हा सल्ला दुसऱ्याच्या बदनामीपुरता ठीक आहे. तो स्वतःविरुद्धच्या तक्रारींना लावू नये, हे ठळकपणे सांगायला हवे होते. मी ती चूक केली आहे. माल उशिरा पोहोचल्याची एक तक्रार मी रागाच्या भरात काढून टाकली आणि त्या गृहस्थांनी आधीचा व नंतरचा असे दोन स्क्रीनशॉट शेजारी शेजारी ठेवून टाकले. उशिराबद्दल कोणीच काही बोलले नसते. लपवाछपवीबद्दल मात्र महिनाभर बोलले गेले. तेव्हापासून मी तक्रारीखाली नाव घेऊन, चूक असेल तर ती मान्य करून, दोन ओळींचे उत्तर लिहितो आणि पुढचे बोलणे खासगी संदेशात नेतो. खासगी संदेशातही पेजवर वाचले गेले तर लाज वाटेल असे काही लिहीत नाही, कारण तोही स्क्रीनशॉट निघतोच.

विनोद करण्याच्या मोहाविषयीही एक सांगतो. 2011 च्या फेब्रुवारीत इजिप्तमध्ये लोक रस्त्यावर उतरलेले असताना केनेथ कोल या अमेरिकी वस्त्र कंपनीने, कैरोतील खळबळ ही आमचा नवा वसंत संग्रह आल्याचे कळल्यामुळे असावी, अशा अर्थाचा विनोद ट्विटरवर केला आणि त्याच दिवशी माफी मागितली. आम्ही तर पोस्ट आठवडाभर आधी वेळ लावून ठेवतो. एखादी दुर्घटना घडलेल्या दिवशी आपली उत्साही जाहिरात आपोआप झळकू नये, म्हणून रांगेतल्या सगळ्या पोस्ट एका झटक्यात कशा थांबवायच्या, हे निदान दोघांना माहीत असावे.

पण मला खरी काळजी वाटते ती आपल्या ‘दहापैकी सात’ या आकड्याची. 4 ऑक्टोबर 2021 रोजी देखभालीच्या कामातील एका चुकीच्या आदेशामुळे फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप ही तिन्ही जगभर सुमारे सहा तास बंद होती. तिन्ही एकाच कंपनीची, त्यामुळे एक बंद तर दुसरीकडून कळवू, ही सोयही राहिली नाही. सहा तास निभतात. व्हाइन या छोट्या व्हिडिओंच्या माध्यमावर ज्यांनी आपला ग्राहकवर्ग जमवला होता त्यांचे 2017 मध्ये आणि गूगल प्लस या गूगलच्या समाजमाध्यमावर जमवला होता त्यांचे 2019 मध्ये सगळेच बंद झाले. फॉलोअरची यादी आपल्याला उचलून दुसरीकडे नेता येत नाही. ज्यांनी खरेदी केली आहे त्यांना विचारून त्यांचे ईमेल स्वतंत्र वहीत ठेवा आणि साधी का होईना, स्वतःची वेबसाइट करा. भाड्याच्या जागेत दुकान थाटायला हरकत नाही, पण चोपड्या घरी असाव्यात.

प्रतिसाद – रंधा_पटाशी

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. स्पर्धकाविषयीच्या दोन्ही टिप्पण्या काल रात्रीच काढल्या आणि त्या लिहिणाऱ्यांना कारण कळवले. एक जण थोडे रागावले. जाहिरात संस्थेला नकार दिला. ईमेलच्या वहीला आजपासून सुरुवात केली आहे.

दोन शंका राहतात. जुन्या फोटोंचे काय करावे? आणि सहकारी मुलगी आजच पेजवरून बाहेर पडायला तयार आहे, तर तिला लगेच काढावे का?

प्रतिसाद – तळटीप

गल्ल्यावरचा यांची दुरुस्ती मान्य. मी लिहिताना तक्रार आणि बदनामी यांतील फरक स्पष्ट करायला हवा होता.

जुने फोटो तूर्त लपवून ठेवावेत आणि प्रत्येक पालकाला स्वतंत्र संदेश पाठवावा. त्यात कोणता फोटो, कोणत्या पेजवर, केवळ पोस्टमध्ये की पैसे देऊन केलेल्या जाहिरातीतही, हे स्पष्ट लिहावे. मुलाचे नाव दिले जाणार नाही असे सांगावे. आणि पुढे कधीही कळवल्यास फोटो काढून टाकला जाईल असे आश्वासन द्यावे. उत्तर आले नाही, तर ते नकार समजावे. आलेल्या संमतीचे संदेश जपून ठेवावेत, कारण मूल मोठे झाल्यावर हाच फोटो त्याला नकोसा वाटू शकतो आणि तेव्हा काय ठरले होते, हे दोन्ही बाजूंना आठवणार नाही.

प्रतिसाद – कुलूपकिल्ली

तिला आज काढू नका. नव्याने पूर्ण नियंत्रण मिळालेल्या व्यक्तीला काही कृती करण्याआधी काही दिवस थांबावे लागू शकते, आणि त्या दरम्यान काही अडले तर तिच्याच खात्यावरून सोडवावे लागेल. आधी तिच्याकडून आपल्याला आणि त्या विश्वासू व्यक्तीला अधिकार देऊन घ्या, जाहिरातींच्या खात्यावर तिचे कार्ड असेल तर ते बदला, इन्स्टाग्रामचा ईमेल आणि फोन क्रमांक बदला, पर्यायी कोड (फोन हरवल्यास आत येण्यासाठीचे) कागदावर छापून कपाटात ठेवा. मग तिच्या मदतीशिवाय एकदा पूर्ण बाहेर पडून पुन्हा आत येऊन पाहा. दोघांनाही ते जमले, की तिला काढा आणि तिच्या फोनवरील ग्राहकांचे पत्ते तिच्यासमोरच पुसून घ्या.