निर्देशक पाड्याने ठरवायचे की निधी देणाऱ्याने? लोकाधारित देखरेखीविषयी एक प्रश्न

पाडेकरीण:

नमस्कार. नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्यात आमची लहानशी संस्था 14 पाड्यांवर माता-बालआरोग्य आणि पोषणाचे काम करते. निधी देणाऱ्या संस्थेने सुरुवातीलाच 62 निर्देशकांचा, म्हणजे मोजायच्या बाबींचा, तक्ता आमच्या हाती ठेवला असून तो दर तिमाहीला टॅबलेटवर भरून पाठवावा लागतो. आता त्याच संस्थेने देखरेख आणि मूल्यमापन स्थानिकांच्या पुढाकाराने व्हावे असा आग्रह धरला आहे, आणि त्यासाठी आणखी एक तक्ता पाठवला आहे. (यातला विनोद त्यांच्या लक्षात आला असेल की नाही, कोण जाणे.)

गेल्या महिन्यात एका पाड्यावर मी बायकांना ‘संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण’ हा निर्देशक पावरी बोलीत समजावून सांगत होते. एका आजींनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, दवाखान्यात किती बाया पोहोचल्या ते तुम्ही मोजता, पण झोळीतून किती लांब न्याव्या लागल्या ते कोण मोजणार? मग तिथल्या तिथे बायकांनी दोन वर्षांतली 11 बाळंतपणे आठवून काढली. गाडी जिथपर्यंत येते तिथे पोहोचायला लागलेला वेळ त्यांनी ‘कोंबडा आरवल्यापासून ऊन ओट्यावर येईपर्यंत’ अशा मापात सांगितला. आमच्या तक्त्यात त्यासाठी रकाना नाही.

प्रत्येक पाड्याने आपापले निर्देशक ठरवले, तर 14 पाड्यांची एकत्र मांडणी कशी करावी? नोंदवही कोणाकडे राहावी? आणि आशाताईंना किंवा अंगणवाडीताईंना नोंदी करायला सांगितल्या की त्यांच्यावर वरून दबाव येतो, त्याचे काय करावे?

जुना कार्यकर्ता:

ताई, तुमच्याच जिल्ह्यात याचा मोठा प्रयोग होऊन गेला आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाअंतर्गत 2007 साली नऊ राज्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. महाराष्ट्रात त्यासाठी पहिल्या टप्प्यात नंदुरबार, अमरावती, पुणे, ठाणे आणि तेव्हाचे उस्मानाबाद हे पाच जिल्हे निवडले गेले, आणि राज्य पातळीवर समन्वयाची जबाबदारी पुण्याच्या ‘साथी’ या संस्थेकडे होती. मी त्या काळात एका तालुक्यात काम केले आहे, म्हणून चार गोष्टी अनुभवाच्या सांगतो.

आमच्याकडेही प्रश्नावली वरूनच आली होती. गावात गटचर्चा घ्यायची, प्राथमिक आरोग्य केंद्रातून बाहेर पडणाऱ्या रुग्णांशी बोलायचे, केंद्राची प्रत्यक्ष पाहणी करायची, आणि त्यावरून प्रत्येक सेवेला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग देऊन गावाचे प्रगतीपत्रक तयार करायचे, अशी पद्धत होती. प्रश्न बाहेरचे असूनही ते गावाचे झाले, याचे कारण म्हणजे रंग कोणता द्यायचा हा निर्णय गावाच्या बैठकीत होत असे. एका गावात ‘औषधे मिळतात का’ या प्रश्नावर अर्धा तास वाद झाला. पुरुष हिरवा म्हणत होते आणि बायका लाल. शेवटी एका बाईने घरी जाऊन केंद्रातून मिळालेल्या तीन चिठ्ठ्या आणल्या. तिन्हींवर बाहेरच्या दुकानातून घ्यायची औषधे लिहिलेली होती आणि एकीच्या मागे तिच्या मुलाने पाढे लिहिले होते. त्या चिठ्ठ्या सतरंजीवर मांडल्यावर पुरुषांनीच लाल खडू उचलला.

या कामाचा कणा जनसुनवाई हा होता. प्रगतीपत्रक सर्वांदेखत वाचले जायचे आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना तिथेच उत्तर द्यावे लागायचे. जे प्रश्न केंद्राच्या पातळीवर सुटत नसत ते तालुक्याच्या आणि पुढे जिल्ह्याच्या सुनावणीत जात. तुमच्या 62 निर्देशकांचे काय होते ते मला माहीत नाही, पण त्यांची उत्तरे पाड्यावर परत येत नसतील तर ती देखरेख नव्हे, नुसती माहितीची वाहतूक झाली.

नोंदवहीविषयी माझे मत ठाम आहे. मूळ वही पाड्यावरच राहावी आणि संस्थेने तिची नक्कल न्यावी. आमच्या संस्थेने पहिल्या वर्षी उलट केले होते, आणि दुसऱ्या फेरीला गावाने विचारले की मागच्या वेळी आम्ही काय सांगितले होते ते तुम्हीच सांगा, कारण वही तुमच्या कपाटात आहे.

हिशेब तपासनीस:

वरील प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे, मात्र स्थानिक म्हणजे आपोआप निःपक्षपाती असे गृहीत धरले जात असेल तर त्याला माझा विरोध आहे. रोजगार हमीच्या कामांचे सामाजिक अंकेक्षण, म्हणजे लोकांसमोर होणारी नोंदींची तपासणी, मी अनेक वर्षे जवळून पाहिले आहे. 2005 च्या केंद्रीय कायद्याच्या कलम 17 ने कामांचे सामाजिक अंकेक्षण करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. तरीही 2011 च्या नियमांत अशी तरतूद केली गेली की ज्या पंचायतीचे अंकेक्षण करायचे तिथल्या रहिवाशांना त्या कामासाठी साधनव्यक्ती (तपासणीत मदत करणारी व्यक्ती) म्हणून नेमायचे नाही. ज्याचा चुलत भाऊ रोजगारसेवक आहे, त्याने त्याच्याच मस्टरवरची (हजेरीपटावरची) खोटी नावे वाचून दाखवावीत ही अपेक्षा अवाजवी आहे, हे नियम करणाऱ्यांनी ओळखले होते.

म्हणून मी दोन कामे वेगळी करीन. काय मोजायचे आणि निष्कर्षाचे काय करायचे, हे पाड्याने ठरवावे. नोंद खरी आहे का हे मात्र शेजारच्या पाड्यातील लोकांनी तपासावे, आणि त्याची परतफेड म्हणून या पाड्याने त्यांची वही तपासावी. डिसेंबर 1994 मध्ये राजस्थानच्या पाली जिल्ह्यात कोट किराना येथे पहिली जनसुनवाई झाली. मजदूर किसान शक्ती संघटनेने मिळवलेल्या कामाच्या नोंदी तिथे गावासमोर मोठ्याने वाचल्या गेल्या. नोंदी सरकारी होत्या, वाचण्यात संघटनेचा हात होता, आणि खरे-खोटे ठरवणारे लोक गावचे होते. तिघांची कामे वेगळी असल्यामुळेच त्या वाचनाला वजन आले.

आशाताई आणि अंगणवाडीताईंचा तुमचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. ज्यांचा मोबदला किंवा मानधन त्याच यंत्रणेमार्फत येते, त्यांच्याकडून त्या यंत्रणेविषयी लाल रंगाची अपेक्षा धरू नका. त्यांना माहिती विचारा, पण खाली सही त्यांची घेऊ नका.

विहीर-पाणी:

माझा अनुभव आरोग्याचा नसून भूजलाचा आहे, पण एकत्र मांडणीच्या प्रश्नावर तो उपयोगी पडेल असे वाटते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारला दरवर्षी पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडला जातो आणि उपलब्ध पाणी पाहून पिके ठरतात. तेव्हाच्या अविभाजित आंध्र प्रदेशात सात जिल्ह्यांतल्या एका भूजल प्रकल्पात शेतकरी स्वतःच विहिरींची व बोअरवेलची पातळी मोजून गावातल्या फलकावर लिहीत असत. अशा ठिकाणी आकडे टिकतात, कारण त्यांचा पहिला उपयोग मोजणाऱ्यालाच असतो. पाणी कमी दिसले तर तो ऊस लावत नाही, आणि चुकीचा आकडा लिहिला तर नुकसान त्याच्याच शेतात होते.

झोळीतला वेळ हा तुमचा निर्देशक त्याच जातीचा आहे. सगळे 14 पाडे सारखे मोजणार नाहीत, आणि तशी सक्ती करूही नये. चार-पाच बाबी सर्वांना समान ठेवा आणि उरलेल्या प्रत्येक पाड्याच्या स्वतःच्या राहू द्या. वरती पाठवताना समान बाबींची बेरीज जाईल, आणि पाड्याच्या स्वतःच्या बाबींत ‘मागच्या वेळेपेक्षा बरे, तसेच की वाईट’ एवढेच जाईल. तुलना दोन पाड्यांची करण्यापेक्षा एकाच पाड्याची त्याच्या कालच्या स्थितीशी केलेली अधिक प्रामाणिक असते.

पाडेकरीण:

सर्वांचे मनापासून आभार. जुन्या प्रयोगाविषयी कार्यालयात कोणालाच फारसे ठाऊक नव्हते, हे थोडे लाजिरवाणे आहे.

काल त्याच पाड्यावर पुन्हा बैठक घेतली. समान बाबी म्हणून बायकांनी चार गोष्टी निवडल्या: परिचारिका ठरलेल्या दिवशी आली का, औषध बाहेरून आणावे लागले का, अंगणवाडीत वजन झाल्यावर ते आईला सांगितले का, आणि झोळी किती वेळ न्यावी लागली. वेळेच्या मापावर बराच खल झाला. घड्याळ एकाच बाईकडे होते, म्हणून वाटेतल्या तीन ओळखीच्या जागा ठरवल्या. पहिला नाला, मोहाचे झाड आणि फुटका पूल. गाडी यांपैकी कुठे भेटली ते लिहायचे, आणि तिथपर्यंत चालायला लागणारा वेळ आम्ही एकदा स्वतः चालून मोजायचा. तपासायला पलीकडच्या पाड्यातल्या दोघी येणार आहेत. वही आजींच्या घरी पत्र्याच्या पेटीत ठेवायची असे ठरले.

निधी देणाऱ्या संस्थेला मी कळवले आहे की 62 पैकी ज्या निर्देशकांचा पाड्यावर कोणालाही उपयोग सांगता आला नाही, असे 19 निर्देशक पुढच्या तिमाहीत भरले जाणार नाहीत, आणि त्यांचा उपयोग त्यांनी आम्हाला लेखी कळवावा. उत्तर आले की इथे लिहीन.

जुना कार्यकर्ता:

तो नाला पावसाळ्यात ओलांडता येत नसेल, तर जुलैचा आणि जानेवारीचा वेळ वेगळा लिहा.