पुढारी बदलून भागेल?

युनियन पुढाऱ्यांनीच बुडवल्या, हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटतं. १९८२ च्या मुंबईतल्या संपात अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार कामगार नेते दत्ता सामंतांच्या मागे उभे राहिले, पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार मालकांशी बोलणी करायचा हक्क मान्यताप्राप्त युनियनचा, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाचाच. कामगारांनी निवडलेल्या माणसाला बसायला खुर्चीच नव्हती!

आज तर त्याहून कठीण. माझा भाचा भांडुपच्या एका कारखान्यात सहा वर्षं त्याच मशीनवर आहे. दर अकरा महिन्यांनी कंत्राटदार बदलतो, गळ्यातलं ओळखपत्र बदलतं आणि कागदावर नोकरीचा पुन्हा पहिला दिवस. युनियनची पावती फाडली, तर पुढच्या यादीत नाव नाही. या पोराने कोणाच्या भरवशावर सभासद व्हायचं?