नंबर लोकांना द्या, फोन बैठकीबाहेर ठेवा

गोपनीय माहिती फुटू नये म्हणून नेत्यांनी मोबाइल वापरूच नये, असं काही जण म्हणतात; ते मत पटत नाही. ठाण्यातल्या घोडबंदर भागात नळाचं पाणी बंद झालं की लोक नगरसेवकालाच फोन लावणार, आणि तो लागलाच पाहिजे. फक्त लोकांसाठीचा नंबर वेगळ्या हँडसेटवर हवा. एकाच फोनमध्ये दोन सिम घालून उपयोग नाही. माहितीची गळती पीएच्या (स्वीय सहायकाच्या) लॅपटॉपमधूनही होऊ शकते. व्हॉट्सॲपला मूळ फोनखेरीज ४ उपकरणं जोडता येतात, आणि पीए बदलला तरी जोडणी तशीच राहते. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून जुनं उपकरण लगेच लॉग आउट करा, टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा ६ अंकी पिन बदला. २०२१ मध्ये गाजलेल्या, फोनमध्ये शिरून आजूबाजूचं बोलणंही ऐकू शकणाऱ्या पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरला तर लिंक दाबायचीही गरज नसायची, म्हणून गोपनीय बैठकीत फोन सायलेंट करून भागत नाही. तो खोलीबाहेरच ठेवायचा.